फटींतला कापूस

आमचे हे घरात बूट घालून वावरायचे. चपला नव्हे, बूट. नाडी बांधलेले, जाड तळाचे, बोटीवरचे. सकाळी उठले की दात घासायच्या आधी बूट. जेवायलासुद्धा खुर्ची ओढून बसायचे, कारण मांडी घालायची तर बूट काढावे लागतात. मी आधी प्रेमाने सांगितलं, मग रागाने सांगितलं, मग फरशी पुसून झाली रे झाली की हातात ओलं फडकं घेऊन दारातच उभी राहायला लागले. ‘सवय आहे,’ म्हणायचे आणि ओल्या फरशीवर ठसे उमटवत पुढे जायचे. मला त्या ठशांचा राग नव्हता. ज्याच्या पायात बूट आहेत तो कुठल्याही क्षणी निघू शकतो, राग त्याचा होता.

हे बोटीवर होते म्हणजे इंजिनखोलीत होते. अमळनेरजवळचं आमचं गाव, बोरी नदीला पाणी असतं ते चार महिने, आणि तिथला हा मुलगा मुंबईला जाऊन थेट जहाजावर चढला. लोकांना वाटायचं, केवढा समुद्र पाहिलाय या माणसाने! आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा मोठ्या उत्सुकतेने विचारलं, समुद्र कसा असतो हो? हे म्हणाले, ‘तो वर असतो. आम्ही खाली.’

मी नर्स. हतनूरचं धरण झाल्यावर तापीचं पाणी जिथवर मागे फुगलं, त्या पाण्याच्या काठी एका गावात सरकारी दवाखाना होता आणि त्याच्या पाठीमागे माझं क्वार्टर. धरण तेव्हा नवंच होतं. गावातली म्हातारी माणसं एवढं पाणी बघून अजूनही बिचकायची. मुलगी झाली तेव्हा हे कुठल्याशा बंदरात होते. ती चालायला लागली तेव्हा दुसऱ्या बंदरात. एकदा रजेवर आले तर ती माझ्या पदराआड लपून म्हणाली, ‘आई, काका आले.’ त्या एका शब्दासाठी यांनी बोट सोडली. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

कसलं सुटतोय! सावद्याला मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात यांनी काम धरलं. केळीच्या बागांमधले पंप रोजच बिघडायचे, कामाला तोटा नव्हता. पण माणूस घरी आला की ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. वळताना बुटाची टाच करकरायची. मी भाकरी थापताना तो आवाज ऐकायचे आणि माझी भाकरी वाकडी व्हायची. ‘बसा ना जरा,’ म्हटलं की बसायचे, आणि बसले की गुडघा हलायला लागायचा. मुलीला वाटायचं, बाबा म्हणजे आलेला माणूस, आला म्हणजे जाणार. जेवताना ती सहज विचारायची, ‘बाबा, तुम्ही कधी जाणार?’ पाहुण्यांना विचारतात तसं. हे भाजीकडे बघत राहायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात दवाखान्यात यांच्यासाठी ट्रंककॉल आला. मुंबईचा एजंट होता. पोळ्यानंतर एका जहाजावर जागा होते आहे, येणार का? मी समोरच पट्ट्या गुंडाळत बसले होते. हे ‘कळवतो’ म्हणाले आणि फोन ठेवला. ‘नाही’ म्हणाले नाहीत. संध्याकाळी माळ्यावरची बॅग खाटेखाली आली. मी विचारलं तर म्हणाले, माळ्यावर उंदीर झालेत. आमच्याकडे उंदीर होते, ही गोष्ट खरी. पण ते पिठाच्या डब्यापाशी होते.

त्या रात्री मला झोप नाही, यांनाही नाही. सकाळी मी सरळच विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? हे म्हणाले, ‘पायाखालची जमीन हलत नाही गं. ती हलत नाही म्हणून मी हलतो.’ आता याला काय औषध द्यायचं? तापाला गोळी आहे, जुलाबाला साखर-मिठाचं पाणी आहे. पण मी हार मानणारी बाई नाही. जमीन हलायला हवी ना, हलवून देते, म्हटलं.

शिरपूरला माझी नर्सिंगची मैत्रीण होती. तिच्याकडून मी कधीतरी ऐकलं होतं की तिथल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये शिडाची होडी पडून आहे. सुरतेकडच्या कुणा हौशी माणसाने ती उकाई धरणाच्या पाण्यात हिंडायला घेतली, आत दोघांना झोपता येईल अशी खोलीही तिच्यात होती. पुढे त्याची हौस फिटली आणि जिनिंगवाल्यांशी असलेल्या कसल्याशा देण्याघेण्यात ती शिरपूरला येऊन पडली. कापसाच्या गठाणींशेजारी होडी, आणि तीही पाण्यापासून इतकी लांब. गावातली पोरं तिच्यात लपंडाव खेळायची म्हणे.

मी यांना म्हटलं, ‘ती होडी आपण घेऊ. पाणी दारात आहे. पण मग बोटीवर जायचं नाही.’

हे हसले. किती दिवसांनी हसले! म्हणाले, ‘जुनी होडी घेणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही.’

‘मग तुम्ही बघून घ्या. तुम्हाला माहीत आहे ना?’

‘चालली तर नाही जाणार,’ हे म्हणाले. ‘शब्द.’

मला तेवढंच हवं होतं. सगळा संसार एका होडीच्या चालण्यावर येऊन ठेपला, हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं.

मे महिन्यात आम्ही शिरपूरला गेलो. सोबत सासरे होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबांनी जन्मात होडी पाहिली नव्हती, पण बैल, गाडी आणि कापूस यांतलं त्यांना सगळं कळायचं, आणि घरात मोठी खरेदी त्यांच्याशिवाय होत नसे. शेडमध्ये शिरलो तर उकाड्याने जीव गुदमरला. हंगाम संपला होता, तरी पत्र्यावर, तारांवर, कोळ्यांच्या जाळ्यांवर कापसाचे तंतू लोंबत होते. मधोमध लाकडी ओंडक्यांवर होडी उभी होती, निळीशार, चकचकीत. आबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, ‘हाई होडी शे का कोठी शे?’ कारण कुणीतरी तिच्यात सरकी भरून ठेवली होती.

जिनिंगचे मुनीमजी म्हणाले, ‘साहेब, बघा, एकदम नव्यासारखी.’ यांनी निळ्या रंगावरून हात फिरवला आणि बोटाला रंग लागला. ‘कालच नवी केलेली दिसते,’ हे म्हणाले. मग मला हळूच सांगितलं की जुन्या होडीला ताजा रंग असेल तर आधी तिथेच बघायचं, कारण झाकायला काही नसेल तर कुणी फुकटचा रंग लावत नाही. मुनीमजींकडून पोती शिवायचं दाभण मागून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. ‘इंजेक्शन देतेस ना? टोच. टक्क लागलं तर लाकूड जिवंत आहे. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर कुजलंय.’

मी टोचत गेले. हे लाकडी हातोडीने ठोकत गेले आणि कान लावून ऐकत गेले. टणटणीत आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की पुन्हा. होडीच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून यांनी तिचा कणा पाहिला, सरळ आहे की मध्ये वाकलाय, कारण वर्षानुवर्षं चुकीच्या टेकूवर ठेवली तर तो मोडत नाही, हळूहळू लवतो. खिळ्यांची डोकी खरवडून पाहिली. तांब्याची निघाली, ते बरं म्हणाले. लोखंडाची असती तर आत गंजून लाकूड खाल्लं असतं. डोलकाठीचं बूड पाहिलं, सुकाणूचं बिजागर हलवून पाहिलं, दोऱ्या उलट्या पिळून आतले पीळ पाहिले. मग शीड उलगडलं. वरून पांढरं, घडीत मात्र पिवळं. यांनी शिवणीत अंगठ्याचं नख घातलं तर दोरा टर्रकन उसवत गेला. ‘कापड चालेल, शिवण नवी घालावी लागेल,’ म्हणाले. मागच्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी साचत असणार, तिथल्या एका फळीत माझं दाभण मुठीपर्यंत आत गेलं.

मी दाभण बाहेर काढलं आणि त्या भोकावर बोट ठेवून उभी राहिले. लपवणार होते की काय, देव जाणे. यांनी माझा हात बाजूला केला, पाहिलं आणि म्हणाले, ‘एकच फळी आहे. बदलता येईल.’

त्या दिवशी माझी काय अवस्था होती ते सांगते. प्रत्येक ठोक्यासरशी मला वाटायचं, आता नको म्हणतील. हा माणूस होडी पारखतोय की न घेण्याचं कारण शोधतोय, तेच कळत नव्हतं. इतक्या बारकाईने यांनी मला दाखवायच्या कार्यक्रमातही पाहिलं नव्हतं. आबा मधूनमधून म्हणत होते, ‘बैल लेता चालाडी दखतस. हिले कोठे चालाडशात?’ आणि खरंच होतं ते. बैल चालवून बघता येतो, पण शिरपूरच्या शेडमध्ये होडी कुठे चालवायची?

शेवटी सरकी बाजूला सारून हे आतल्या खोलीत शिरले आणि मला बोलावून दार लावून घेतलं. अंधार होईल असं वाटलं, तर कुठला! भिंतीतल्या फळ्याफळ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा आत आल्या होत्या. यांच्या शर्टावर, हातांवर, चेहऱ्यावर, सगळीकडे रेघा. मी घाबरून म्हटलं, ‘ही तर चाळण आहे!’

‘भोकं नाहीत ही, फटी आहेत,’ हे म्हणाले. ‘आपल्याकडच्या उन्हाने लाकूड वाळलंय, आखडलंय. यात कापूस भरतात आणि वरून डांबर. मग झालं.’

कापूस! मला तर गंगा दारात आल्यासारखं झालं. खानदेशात सगळं कमी पडेल, कापूस कसा कमी पडेल? मी दार ढकलून बाहेर आले आणि आबांना म्हटलं, घ्यायची. आबांनी मुनीमजींचा हात धरला, वर आपला रुमाल टाकला आणि गुरांच्या बाजारात करतात तसा बोटं दाबून भाव ठरवला. मुनीमजी शेवटपर्यंत गोंधळलेलेच होते. पैसे मी देणार होते तरी आकडा मला नंतरच कळला.

होडी केळीच्या ट्रकमधून आली. माल उतरवून परत येणारा ट्रक होता, त्यात केळीच्या पाल्याची गादी घालून तिला आडवी निजवली. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर असा रस्ता, आणि जिथे ट्रक थांबेल तिथे माणसं गोळा. सावद्याहून आत वळून गावात आलो तर दवाखान्यातले पेशंटसुद्धा उठून बाहेर आले. काठावरच्या निंबाखाली आम्ही तिला उतरवलं. घरी मेणबत्ती लावली, बुद्धवंदना म्हटली. शेजारच्या काकू तरी नारळ घेऊन आल्याच, म्हणाल्या, तुमचं ते झालं, आता आमचंही होऊ द्या.

कुजकी फळी बदलली, शिडाची शिवण मी स्वतः घातली. यांनी येरझाऱ्या कमी केल्या असं मला वाटायला लागलं होतं. मग एका रविवारी कापूस भरायचा ठरला. आबांनी गावाकडून एक गोणी आणली. त्यांच्याबरोबर दोघं चुलत दीर आले, त्यांनी आपापली गोणी आणली. सावद्याच्या दुकानदाराने पाठवला, काकूंनी गादीतला काढून दिला. काठावर एवढा ढीग झाला की दोन होड्यांना पुरून उरला असता.

आता, आमच्या माणसांना कापसाशी वागायची एकच रीत ठाऊक. दाबायचा. शेतातून बैलगाडी भरताना वर दोघे चढून नाचतात, पायाने तुडवतात, घाम गाळतात, कारण तुडवला नाही तर अर्धी गाडी हवाच जाते. सैल भरलेली गाडी घेऊन जाणाऱ्याला लोक रस्त्यात हसतात. तेव्हा आबांनी छिन्नी घेतली, दिरांनी लाकडी ठोकळे घेतले, मी दाभण घेतलं आणि आम्ही त्या फटींवर तुटून पडलो. वात वळायची, फटीत घालायची, ठोकायची. वर आणखी एक वात, पुन्हा ठोकायची. आबा ओरडत होते, ‘दाब, आजून दाब! बठ्ठा कापूस मझार जावाले पाहिजे!’ सगळा कापूस आतच जायला हवा होता त्यांना. संध्याकाळी फटीत सुईचं टोक शिरेना. आबांनी अंगठा दाबून पाहिला आणि खूश झाले.

हे दिवसभर होडीच्या भोवती फिरत होते. सिगरेट ओढत, बुटाने खडे उडवत. एकदा मी पाहिलं, आबांच्या मागे उभे राहून यांनी तोंड उघडलं. ‘आबा...’

‘काय रे?’

‘काही नाही. पाणी आणू का?’

मला वाटलं, बापाबद्दल माया दाटून आली असेल. कौतुकाने मी मनात नोंद करून ठेवली. वर डांबर फिरवलं, आणि दोन दिवसांनी सगळ्या गावाने ढकलून होडी पाण्यात लोटली. थेंबभर पाणी आत आलं नाही. आबांनी फेटा उडवला. मी यांच्याकडे पाहून म्हटलं, ‘चालली!’

‘तरंगली,’ हे म्हणाले. ‘डोलकाठी उभी करायची आहे अजून.’

त्यानंतर तिसऱ्या दुपारी कपडे धुणाऱ्या बायका पळत दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, नर्सबाई, तुमची होडी बोलायला लागलीय. मी एका बाळाला लस देत होते. ते आईच्या हातात देऊन धावत गेले. काठावर उभी राहिले तर खरंच, होडीतून आवाज येत होता. कर्र, कर्र, मग जरा शांत, मग पुन्हा कर्र. वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगत होतं आणि त्याला फुगायला जागाच नव्हती. सगळी जागा आम्ही ठासून भरली होती. आतून काड्कन आवाज झाला, एक फासळी मोडली. मग बाजूची एक फळी खिळ्यांसकट उचकटून बाहेर आली आणि होडी एका अंगावर कलून हळूहळू पाणी प्यायला लागली. मी गुडघाभर पाण्यात शिरून तिला दोन्ही हातांनी धरलं. नर्सचा पांढरा गणवेश डांबराने काळा झाला. कशाला धरलं, कुणास ठाऊक.

हे आले. काठावर थांबले, पाण्यात उतरले नाहीत. बराच वेळ बघत राहिले. तोंडावर आश्चर्य म्हणून नव्हतं. दवाखान्यात काम करून मी एक शिकले आहे. वाईट बातमी ऐकताना माणूस आधी चकित होतो, दुःख नंतर येतं. जो चकित होत नाही त्याला बातमी आधीच कळलेली असते.

मी होडी सोडली आणि विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं?’

यांनी खिशातून सिगरेट काढली.

‘कापूस इतका दाबायचा नसतो, हे ठाऊक होतं की नव्हतं?’

‘होतं,’ हे म्हणाले. ‘धक्क्यावर पाहिलं होतं. सैल भरतात. लाकडाला जागा ठेवतात.’

‘मग बोलला का नाहीत?’

यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बोललो असतो, तर चालली असती गं.’

एवढंच. मी त्या पाण्यातच उभी राहिले. रडायला हवं होतं, पण मला इतका संताप आला की रडूच येईना. शिरपूरच्या शेडमध्ये मी प्रत्येक फळी टोचून पाहिली होती, खिळा न् खिळा पाहिला होता, आणि हा माणूस दोन वर्षं माझ्या ओट्यावर करकरत होता तो आवाज मला ऐकू येऊनही ऐकू आला नव्हता. मी घरी गेले, खाटेखालची बॅग ओढली आणि ओट्यावर ठेवली. म्हटलं, ‘पोळा कशाला हवा? आत्ताच जा.’

गेले. भुसावळच्या एस.टी.त बसताना खिडकीतून काहीतरी बोलायला लागले, तेवढ्यात गाडी सुटली. मुलगी मला म्हणाली, ‘बाबा गेले ना? मी म्हटलं होतं.’ त्या दिवशी मी रडले. खोटं कशाला सांगू, आठवडाभर रडले.

आबांना मी खरं काय ते सांगितलं नाही. ते आपल्याच हाताने होडी मोडली म्हणून खचले होते. सारखे म्हणायचे, ‘माले समजनं नही, माय, माले समजनं नही.’ मग एक दिवस स्वतःच उठले आणि मला काठावर घेऊन गेले. होडी गुरांकरवी ओढून बाहेर काढली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि दाभणाने कापूस उकरून काढायला लागलो. भरताना एक दिवस लागला होता, काढायला कित्येक लागले. दगड झाला होता त्याचा. उकरता उकरता आबा थांबले. म्हणाले, ‘चाक ढिलं व्हयनं तर आपन काय करतस? पानीमा टाकतस.’

तर तेच केलं. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळून त्याची लोखंडी धाव ढिली पडते, तेव्हा आमच्याकडे ते चाक नदीत टाकून ठेवतात, लाकूड फुगून आपोआप घट्ट बसतं. घरातली, शंभर वेळा केलेली गोष्ट. होडीच्या वेळी कुणालाच सुचली नाही, कारण होडी म्हणजे आम्हाला भारी काहीतरी वाटली होती. गाडीच्या सुताराने बाभळीची नवी फासळी घातली, सुटलेली फळी बसवली. मग आम्ही होडीत दगड भरले आणि तिला उथळ पाण्यात चक्क बुडवून ठेवली. लोक म्हणाले, नर्सबाईंचं डोकं फिरलं. नवरा गेला की होतं असं.

पोळा झाला, तेव्हा दगड काढून पाणी उपसलं. फटी मिटल्या होत्या. नखाएवढी जागा कुठे कुठे उरली होती, तिच्यात मी एकटीने कापूस भरला. सैल. हात शिवशिवत होता दाबायला, पण नाही दाबला. नदीपलीकडच्या मासेमारांकडून शीड कसं लावायचं ते शिकले. दोनदा पाण्यात पडले. हिवाळ्यात पलीकडच्या वाड्यांवर लसीची पेटी मी होडीतूनच न्यायला लागले, आणि खरं सांगते, पहिल्यांदा वारा भरून होडी कलली आणि पायाखालचं लाकूड हललं तेव्हा मला यांची आठवण आली आणि यांचा रागही आला. इतकी चांगली गोष्ट होती तर नीट सांगितली का नाही?

यांचे फोन यायचे. मी मुलीला द्यायचे. होडीबद्दल यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात, केळीच्या बागा वाळत होत्या त्या दिवसांत, हे आले. बॅग हातात, बूट पायात. घरी न येता आधी काठावर गेले. मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं. निंबाखालच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. मी मुलीचा हात धरून खाली गेले.

‘विकलीस?’ यांनी विचारलं.

मी पाण्याकडे बोट दाखवलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेलं, तिथे खुंटाला बांधलेली होडी हलत होती. हे चिखलातून तिच्यापाशी गेले. वाकून एका फटीवर अंगठा टेकवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आम्ही मागे जाऊन उभ्या राहिलो.

‘सैल भरलाय,’ हे म्हणाले.

‘जागा ठेवलीय.’

‘चालते?’

‘चालते.’

यांचा चेहरा उतरला. दिलेला शब्द हा माणूस विसरला नव्हता, एवढं मला त्या चेहऱ्यावरून कळलं. वर्षभर मी या क्षणाची वाट पाहत होते. होडी चालते, आता बोला, असं तोंडावर म्हणायचं होतं मला. पण तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, ‘तो शब्द मी कापसाबरोबर उकरून टाकला. तुम्हाला जायचं तेव्हा जा.’

यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. मग परत या हातात. मला वाटलं, आता काठावर येरझाऱ्या सुरू होणार, आणि मी दात आवळून त्या आवाजाची वाट बघायला लागले.

‘बाबा,’ मुलीने विचारलं, ‘तुम्ही कधी जाणार?’

यांनी बॅग दगडावर ठेवली, शेजारीच बसले आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. गाठ फार घट्ट बसली होती. बराच वेळ गेला. मी हात लावला नाही.